शेवटच्या बाकाचा दम

न्हावऱ्याच्या पुढं रस्त्यावर उसाची टिपरं पडलेली दिसायला लागली की आता माझ्या छातीत धस्स होतं. पूर्वी असं होत नव्हतं. पूर्वी वर्षातला हा एकच महिना मला मनापासून आवडायचा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांच्यावर कर्णे लावून वाजणारी गाणी, पुढं जायला जागा मिळेना म्हणून मागून स्कूटीवर चरफडणारी मी, पारगावच्या पुलावर भीमेवरून येणारं गार वारं आणि कारखान्याच्या बाजूचा मळीचा आंबूस वास. लोक त्या वासानं नाकाला रुमाल लावतात. आमच्या घरात तो वास शिरला की आई म्हणायची, "नाताळ आला गं. पेटी पुसायला काढली पाहिजे."

यंदाही वास आला. पेटी पुसायची आठवण करणारी मात्र नाही. गेल्या जानेवारीत आई गेली.

आई म्हणजे सुशीला सिस्टर. खुटबाव, भांडगावच्या बाजूला सरकारी उपकेंद्रावर तिनं सारी नोकरी काढली. त्या भागातल्या निम्म्याअधिक लोकांना जगात आल्यावर पहिला हात तिचा लागलाय. आणि रविवारी ती दौंडच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये पेटी वाजवायची. नोकरीतून ती निवृत्त झाली, पेटीतून झाली नाही. म्हणजे झाली, पण अगदी शेवटी. तेच तर सांगायचं आहे.

या महिन्याच्या सुरुवातीला पाळकसाहेबांचा फोन आला. "बाई, नाताळ जवळ आलाय. कीबोर्ड कोण वाजवणार?" मी म्हणाले, माझी शिफ्ट आहे. मी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि शिरूरला खोली घेऊन राहते. पंचवीस तारखेला आमच्या कंपनीला सुट्टी असते, हे पाळकसाहेबांना चांगलं माहीत आहे. "बरं, बघा," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी होती. मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं.

लहानपणी थंडीतला रविवार कसा असायचा ते अजून जसंच्या तसं आठवतं. आईच्या अंगाला एकाच वेळी दोन वास यायचे, स्पिरिटचा आणि खोबरेल तेलाचा. पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचून ती पेटीवर बसायची. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, आणि डोळे समोर मंडळींवर. पुस्तकाकडं तिनं कधी पाहिलेलं मला आठवत नाही. मी शेजारी मांडी घालून बसलेली असे, आणि माझं सगळं लक्ष दाराकडं. कारण पंधरा दिवसांतून एकदा तरी तिथं कुणीतरी येऊन उभं राहायचंच. चपला हातात, डोक्यावर टोपी, आत यावं की न यावं अशा घोळात पडलेला एखादा माणूस.

"सिस्टर हायत का?"

गाणं चालू असलं तरी आई हातातली ओळ पुरी करायची. मग पेटी माझ्याकडं सरकवून म्हणायची, "सूर धरून ठेव," आणि निघून जायची. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. मला एकच पट्टी दाबता यायची आणि भाता हलवता यायचा. त्या एका सुरावर सगळी मंडळी उरलेलं गाणं रेटून न्यायची. आधीचे पाळक म्हातारे होते, ते प्रार्थनेत न चुकता म्हणायचे, "आणि आत्ता जे लेकरू येऊ घातलंय, त्याला सुखरूप आण, बापा." कुठल्या गावाचं, कुणाच्या घरचं, मुलगा की मुलगी, कुणाला काही पत्ता नसायचा. तरी सगळे "आमेन" म्हणायचे. मला वाटायचं, जगातल्या सगळ्याच चर्चमध्ये अशी प्रार्थना असते. मोठी झाल्यावर पुण्यात एका मोठ्या चर्चमध्ये गेले तेव्हा कळलं की ती फक्त आमच्याकडं असते.

आईच्या वाजवण्याची एक गोष्ट होती. ती फार सावकाश वाजवायची. दौंड म्हणजे रेल्वेचं गाव, त्यामुळे तरुण पोरांनी नावही तसंच ठेवलं होतं, सिस्टरची मालगाडी. "सिग्नल मिळाला का सिस्टर?" असं विचारायचे. आई हसायची आणि पुढचं गाणं त्याहून हळू धरायची. शिवाय दोन कडव्यांच्या मध्ये ती एक ओळ नुसती पेटीवर वाजवायची. त्या ओळीत कुणी गायचं नाही, असा नियमच पडून गेला होता.

मी एकदा चिडून विचारलं होतं. कॉलेजात होते, लाज वाटायची मला त्या मालगाडीची. आई मटार सोलत बसली होती.

"तू एवढं हळू का वाजवतेस गं? झोप येते लोकांना."

"शेवटच्या बाकावर कोण बसतं?" तिनं विचारलं.

शेवटच्या बाकावर याकोबआबा बसायचे. रेल्वेत गँगमन होते, रुळांवर उन्हातान्हात राबून राबून छातीला दमा लागलेला.

"आबांना कडवं संपेस्तोवर दम पुरला, की सगळ्या चर्चला पुरतो," आई म्हणाली. "मी त्यांच्या खांद्यांकडं बघून वाजवते. खांदे वर चढायला लागले की मी भाता सैल सोडते. मधली ओळ असते ना, ती त्यांच्यासाठीच. पण त्यांना सांगू नकोस. नाहीतर उगाच जोर करत बसतील."

पेशंटच्या छातीकडं बघत बोलायची तिची सवय मला माहीत होती. घरी पाहुणा आला तरी ती त्याच्या छातीकडं बघून आधी श्वास मोजायची आणि मग चहा ठेवायची. ती सवय ती रविवारी चर्चमध्येही घेऊन जाते, हे त्या दिवशी मला कळलं. कळलं आणि मी विसरूनही गेले. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला आईचं शहाणपण किती वेळ लक्षात राहणार?

मागच्या वर्षी नोव्हेंबर संपता संपता मंडळींनी कीबोर्ड घेतला. त्यात माझाच पुढाकार होता. मोबाईलवर बघून बघून मी शिकले होते. बटण दाबलं की आतून ढोलक, तबला, झांजा, काय हवं ते वाजतं; वेगाचा आकडा एकदा लावून दिला की इकडचा तिकडं होत नाही. मला वाटलं होतं आई विरोध करणार. मी तर भांडणाची सगळी तयारी करून गेले होते. ती म्हणाली, "बरं झालं. आता तूच वाजव. मी मागं बाकावर बसते."

खरं सांगते, मला आभाळ ठेंगणं झालं. चाळिशी ओलांडली होती मी, पण आईनं आपली जागा आपल्याला दिली या आनंदाला वय नसतं. शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की मी कंपनीच्या बसनं शिरूरला यायची, खोलीवर बॅग टाकायची आणि लगेच स्कूटीला किक. न्हावरं, पारगाव, चौफुला, दौंड. रस्ताभर नाताळची गाणी गुणगुणत. ट्रॅक्टरवाल्यांच्या गाण्यांवर माझी गाणी चढवायची. तो डिसेंबर तसा सुंदरच सुरू झाला होता.

आणि आई जाऊन बसली ती नेमकी शेवटच्या बाकावर, आबांच्या शेजारी. मी मनाशी म्हटलं, काय हा मोठेपणा! एवढी वर्षं पुढं बसलेली बाई, अहंकार म्हणून नाही.

पहिल्याच रविवारी मला जाणवलं की तिचा आवाज येत नाही. आईचा आवाज थोडा नाकात, पण खणखणीत होता; शंभर माणसांत मी तो ओळखला असता. वाटलं, सर्दी असेल. दुसऱ्या रविवारीही तेच. पहिली ओळ यायची, मग नाही. मी वाजवत होते, डोळे कीबोर्डच्या आकड्यांवर, आणि कान मात्र मागच्या बाकाकडं लागलेले. एका सुरात सगळे गाताहेत आणि आई गप्प.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. आई कधी ओरडायची नाही. रागावली की गप्प बसायची. लहानपणी तिच्या गप्प बसण्याला मी माराहून जास्त भ्यायची. तेव्हा ती गात नाही याचा मी एकच अर्थ लावला. तिला माझं वाजवणं पसंत नाही. तिला तो वेग, ती ढोलक, काही रुचलेलं नाही, आणि ती भर मंडळीत मला तसं दाखवून देते आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही करंज्या करत होतो. मी पाऱ्या लाटत होते, आई स्टुलावर बसून सारण भरत होती. एरवी ती खाली बसायची. स्टुलाकडंही माझं लक्ष गेलं नाही.

"तुला कीबोर्ड आवडला नसेल तर तोंडानं सांग ना," मी म्हणाले.

"मी कुठं काय म्हणाले?"

"तेच तर. काही म्हणतच नाहीस. मला ऐकू येतं आई, तू गात नाहीस ते. सगळ्यांनाच ऐकू येतं. सुशीला सिस्टर गात नाही म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं?"

"वाजव गं तू. छान वाजवतेस."

"जन्मभर सगळ्यांना आपल्या चालीनं चालवलंस तू. आता एकदा दुसऱ्याची चाल आली, तर तुला सोसवेना."

हे मी म्हणाले. असंच्या असं म्हणाले, एक शब्द इकडचा तिकडं नाही. आईचं बोट करंजीच्या कडेवर दूध लावत होतं, ते जरा थांबलं. मग ती म्हणाली, "पारीत मीठ घातलंस का गं? विसरतेस तू." आणि पुढची करंजी उचलली.

त्यानंतरच्या शनिवारी मी गेले नाही. शिफ्ट आहे म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी शिरूरहून परस्पर चर्चला गेले, वाजवलं आणि परस्पर परत. त्याच्या पुढच्याही रविवारी तसंच. दाराशी आई डबा घेऊन उभी असायची, "जेवून तरी जा." मी डबा घ्यायची आणि स्कूटी सुरू करायची. ते दोन आठवडे आई घरात एकटी होती. बाबा जाऊन खूप वर्षं झाली होती. कसे गेले असतील तिचे ते दिवस, याचा विचार मनात आला की मी हातातलं काम खाली ठेवते. कंपनीत तसं ठेवता येत नाही, तिथं लाईन चालू असते.

कंपनीवरून आठवलं. माझं कामच दोष शोधायचं. दिवसभर माझ्या हाताखालून पार्ट जात असतात. केसाएवढा चरा दिसला तरी मी तो पार्ट लाल पेटीत टाकते. आमचा बिहारी सुपरवायझर नव्या पोरांना सांगतो, "मॅडम की नजर से कुछ नहीं छूटता." त्या डिसेंबरात माझ्या नजरेतून काय काय सुटलं ते ऐका.

आईच्या अंथरुणावर तीन उशा आल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "वाचत बसते गं." आई मोजे घालायला लागली होती. पहाटेच्या थंडीत नुसत्या चपलांवर वस्त्यांवर फिरलेली बाई. मी थट्टा केली, "सिस्टर, तुम्हाला कधीपासून थंडी वाजायला लागली?" आणि शिरूरच्या बाजारातून तिला लोकरी मोज्यांचे दोन जोड नेऊन दिले. ती खूश झाली. म्हणाली, "चांगले घट्ट आहेत." तिचे पाय सुजले होते. सूज मला दिसू नये म्हणून ती मोजे घालत होती, आणि मी तिला त्यासाठी नवे मोजे आणून देत होते.

आणि नाताळच्या दिवसाचं चालणं. घरापासून चर्च दहा मिनिटांवर आहे. त्या सकाळी आम्हाला अर्धा तास लागला. आई किराणा दुकानापाशी थांबली, दुकानदाराच्या बायकोला पाठदुखीचं विचारलं. पुढं फाटकापाशी थांबली, तिथं झाडणाऱ्या बाईला नातवाचं नाव विचारलं. पुन्हा थांबली, कुणाच्या तरी अंगणातल्या शेवंतीचं कौतुक करत राहिली. मी नवी साडी नेसून पुढं पुढं जात होते आणि मागं वळून म्हणत होते, "आई, चल ना. नंतर बोल. उपासना सुरू होईल." ती हात वर करून "आले, आले" म्हणायची. मला वाटलं, हिला गावभरच्या चौकशा महत्त्वाच्या, माझं वाजवणं नाही.

ती दम खात होती. प्रत्येक ठिकाणी ती नुसती दम खात होती.

त्या दिवशी मी फार छान वाजवलं. सगळे तसं म्हणाले. आईनं दाराशी माझ्या गालावरून हात फिरवला. मी तिला "हॅपी ख्रिसमस" म्हणाले, पण मनातली अढी काही सुटलेली नव्हती. दुपारी जेवून मी शिरूरला परत आले.

तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत लॉकरमधून मोबाईल काढला, तर शेजारच्या काकूंचे अकरा फोन येऊन गेले होते. दौंडच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा आई बसूनच होती. आडवं झालं की तिला श्वास घेता येत नव्हता. डॉक्टर तरुण होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले की हृदय कमजोर झालं आहे, बऱ्याच महिन्यांपासून असावं. "सिस्टर स्वतः नर्स आहेत, त्यांना कळलं नसेल असं वाटत नाही," असंही म्हणाले. मी आत जाऊन आईच्या पायातले मोजे काढले. घोट्याच्या वर रबराची खोल खूण उमटली होती. बोटानं दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"नाताळ होऊ दे म्हटलं." मग दोन श्वास घेऊन, "सांगितलं असतं तर तू वाजवलं नसतंस."

बारा दिवस ती तिथं होती. तिथंही तिची नोकरी चालूच. एक शिकाऊ मुलगी सलाईन लावायला आली, तिचे हात थरथरत होते. आई तिला म्हणाली, "घाबरू नकोस बाळ. ह्या हाताची शीर पळते, त्या हाताची गरीब आहे. तिथं लाव." पहिल्यांदा चुकली, तर म्हणाली, "चुकलं तर चुकलं, अजून एक हात आहे." ती पोरगी बाहेर जाऊन रडली. शेजारच्या खाटेवरच्या आजीला रात्रीच्या गोळीची आठवण आईच करून द्यायची.

करंज्यांच्या संध्याकाळी मी जे बोलले, त्याची माफी मला मागायची होती. रोज सकाळी ठरवायचे. पण तोंडावर मास्क असलेल्या माणसाशी असं बोलायचं कसं? वाटायचं, जरा बरं वाटू दे, मास्क निघू दे. आणि खोटं का बोलू, मला भीतीही वाटत होती. ती "हो, लागलं होतं मला ते" म्हणाली असती तर? उद्यावर ढकलत राहिले. शेवटच्या दिवशी दुपारी ती मला काय म्हणाली, तर "ते मोजे धुऊन टाक गं, वास येत असेल." मी मोजे घेऊन नळावर गेले. धुऊन, पिळून, खिडकीच्या गजाला वाळत घातले. परत आले तर शिकाऊ मुलगी तिच्या मनगटावर बोट ठेवून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

अंत्यविधीला चर्चमध्ये माणसं मावेनात. आमच्या मंडळींपेक्षा बाहेरचीच जास्त. खुटबावचे शेतकरी, भांडगावच्या बौद्धवाड्यातल्या बाया, डेपोतले ड्रायव्हर. बरीच माणसं चपला हातात धरून दाराशीच उभी. एक बाई आपल्या उंचापुऱ्या मुलाला हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आली. त्याच्या अंगावर रांजणगावच्याच कुठल्याशा कंपनीचा शर्ट होता. "ह्यो बगा," ती म्हणाली, "ह्याच्या टायमाला अर्धं गाणं टाकून आल्या हुत्या बाई. ह्याला म्या म्हनते, तुझ्यापायी देवाचं गानं ऱ्हायलंय." तो मुलगा मान खाली घालून उभा होता.

गाण्याच्या वेळी पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. वाद्याशिवायच गाणं झालं. तेव्हापासून कीबोर्डवर मी हात ठेवलेला नव्हता. गेल्या वर्षभरात चार-सहा वेळा चर्चला गेले असेन. दाराजवळ बसायची आणि आशीर्वादाच्या आधी उठून यायची. आईची पेटी घरी आहे. तिला मी हात लावत नाही. आणि एकच प्रश्न घेऊन शिरूर ते रांजणगाव, रांजणगाव ते शिरूर करत राहिले. माझं ते बोलणं मनात धरून ती गेली का? ज्या माणसाला विचारायचं, तेच नाही.

दुसऱ्यांदा पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी पुन्हा शिफ्ट सांगणार होते, तेवढ्यात पलीकडून धापा टाकत आवाज आला. "पोरी, आबा बोलतोय. ये की गं. कुनी वाजवाया न्हाई. मी हाय अजून, तवर ये."

आबांना शिफ्ट सांगायची हिंमत झाली नाही. नाताळच्या आधीच्या रविवारी सकाळी निघाले. रस्त्यावर तेच ट्रॅक्टर, तीच टिपरं. चौफुल्याला चहाला थांबले आणि न पिताच निघाले.

चर्चमध्ये अजून कुणी आलेलं नव्हतं. आबा मात्र येऊन बसले होते, शेवटच्या बाकावर, मफलर गुंडाळून. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आमच्या रीतीप्रमाणं सलाम झाला. थोडा वेळ ते नुसते श्वासच गोळा करत होते.

"आबा," मी म्हणाले, "मागच्या डिसेंबरात आई इथं बसायची. माझ्याबद्दल काही बोलली होती का तुमच्याजवळ?"

"बोलली की. तुमचं काय वाजलं हुतं ना, करंज्या करताना? त्याच्या फुडच्या ऐतवारी."

"म्हनली, आबा, पोरीला वाटतंय मी रुसलेय. माझ्या वाटचं बी तुमीच म्हना. जरा मोठ्यानं म्हना, म्हंजी माझा आवाज न्हाई त्ये तिच्या ध्यानात यायचं न्हाई. आता मला ह्यो असला दमा! पन तुझी आई, तिला न्हाई कोन म्हननार? पंपाचे दोन झटके मारून यायचो आन् आरडायचो."

मला आठवलं. त्या डिसेंबरात आबा मागून फार मोठ्यानं गायचे, ओळ संपायच्या आत तुटायचे, ताल सोडून जायचे. मी पाळकसाहेबांकडं तक्रारही केली होती, की आबांना जरा हळू गायला सांगा, सगळं बिघडतं.

"आन् भ्यायची बी," आबा म्हणाले. "म्हनायची, हिकडं बगितलं तर तिला कळंल, माझं खांदं कसं उडत्यात त्ये. पन तू काय कवा वर बगितलंच न्हाईस."

त्यात टोमणा नव्हता. आईची युक्ती साधली याचं त्यांना बरंच वाटत असावं.

"आबा, तिला राग आला होता का माझा? मी फार लागेल असं बोलले होते तिला."

त्यांनी "न्हाई गं" म्हणावं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. म्हातारा माणूस, सहज म्हणू शकला असता.

"राग याया बी दम लागतो, पोरी," आबा म्हणाले. "त्येवढा तिच्याजवळ ऱ्हायला न्हवता."

माणसं यायला लागली. पाळकसाहेब आत आले, मला पाहून पहिल्या गाण्याचा नंबर तेवढा सांगितला. मी उठले. कीबोर्डवरचं फडकं काढलं, ढोलक बंद ठेवली आणि सूर दिला. मंडळी उभी राहिली. मी आकड्यांकडं पाहिलं नाही, वर पाहिलं. शेवटच्या बाकावर आबा एकटेच उभे होते, आणि अगदी हळू गात होते, आपल्या एकट्याच्या वाटचं.